पंधरा अंश

आधी डबा. जुरेल माशांचा, लंबगोल,
ताताने सोमवारी रिकामा केलेला.
कडा मी कानशीने घासून बोथट केल्या.
त्याला चार पिवळ्या मोटरी, चार चाकं;
त्यातलं एक जरा लंगडं,
स्वस्तात मिळालं, आणि स्वस्त का
ते दुकानदाराने सांगितलं नाही.

मग हातमोजा. ताताचाच, बंदरातला,
उजव्या हाताचा, अंगठ्याच्या बुडाशी तारेने शिवलेला.
त्याच्या पाठीवर नखाएवढा सेन्सर,
ज्याला एवढंच कळतं
की खाली कुठे आहे.
"बऱ्याच कप्तानांना तेवढंही कळत नसे,"
ताता म्हणाला, पाव तोडत.

एकतीस वर्षं हा माणूस वाल्परायसोच्या धक्क्यावर उभा राहिला
आणि त्याने स्वतः काहीच उचललं नाही.
वर क्रेनच्या पेटीत बसलेल्याला खालचं दिसत नाही,
त्याने ताताच्या हातांकडे बघायचं.
तर्जनी वर, लहानसा गोल: उचल.
तर्जनी खाली: सोड.
हळू. अजून हळू. केसभर.
तांबं चढलं, केळी उतरली,
एकदा पियानो,
एकदा सर्कशीचा पिंजरा, आत वाघ जागा,
सगळं त्या बोटांच्या टोकाने
हवेतून गेलं.

आता ती बोटं बशीवर कप वाजवतात.
घरात कुणी काही बोलत नाही.
मावशी कपाखाली रुमाल घालते.

पहिल्या दिवशी गाडी पुढे म्हटलं की मागे.
दोन तारांची अदलाबदल, एवढंच.
दुसऱ्या दिवशी आपणहूनच निघाली.
आमचं घर टेकडीला नखांनी धरून बसलेलं,
जमीन समुद्राकडे कलती,
टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठा.
शून्य धरायचं कुठलं?
शेवटी मी लिहून टाकलं:
या घरात तिरकं म्हणजे सरळ.

तिसऱ्या दिवशी मोजा ताताने घातला.
गाडी जागच्या जागी शहारली,
पुढे मागे, पुढे मागे,
भिजलेलं कुत्रं दारात उभं राहतं तशी.
तो तिच्याकडे बघत राहिला.
मी स्क्रू शोधत राहिले, जो हरवला नव्हता.

रात्री पडद्यावर त्याच्या हाताची रेघ पाहिली.
सेकंदाला पाच हेलकावे, न चुकता.
एक ओळ लिहिली:
पंधरा अंशांच्या आत जे हलेल
ते ऐकू नकोस.
डॉक्टरीणबाईंच्या तीन गोळ्यांना जे जमलं नाही
ते एका ओळीत झालं.
मला झोप लागली नाही.

सकाळी हात कापत होता
आणि गाडी कापत नव्हती.
तिच्यावर मिठाची बाटली ठेवून
त्याने ती ओट्यापासून दारापर्यंत नेली,
तिथे दोन्या क्लोरिंदा पिशवी घेऊन हसत उभी.
मग त्याने दोन्ही हात आडवे पसरले.
गाडी चालतच राहिली.
उंबरा, पहिली पायरी, दुसरी, तिसरी,
मीठ सगळीकडे.

"थांब कुठे आहे?"
त्याने मला विचारलं.
पुढे होतं, मागे होतं, डावं, उजवं.
थांब मी लिहिलंच नव्हतं.
"उचल म्हणायचा हक्क फक्त माझा होता, पोरी.
थांब कुणीही म्हणायचं.
खलाशाने, झाडूवाल्याने,
डबा घेऊन आलेल्या कुणाच्या लेकराने.
आणि क्रेन थांबायची. आधी थांबायची,
मग विचारायची का."

डबा ठोकून सरळ केला, पूर्ण झाला नाही.
कुठली खूण द्यायची यावर आमचं दुपारभर वाजलं.
मूठ त्याला घट्ट धरवत नाही.
मग तोच म्हणाला, तुझ्या त्या नखाएवढ्याला
जे कळतं तेच सांग त्याला.

त्याने हात सोडून दिला,
खांद्यापासून सरळ खाली.
बोटं मांडीपाशी अजून हलत होती.
गाडी उभी.
लंगडं चाक तेवढं
अर्धा फेरा जास्त फिरलं.